वसंतभाऊंची पहिली बोअर

फोन त्यांच्या मुलीचा होता. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मारेगावातल्या जिनिंगचे मालक, पंचायत समितीचे माजी सभापती वसंतभाऊ गेले, त्याला आता महिना होईल. अंत्ययात्रेत मला गर्दीतून पुढे बोलावून खांदा द्यायला लावला... जिवलग मित्र म्हणून. तेव्हापासून हे लिहायचं मी टाळतोय.

वडिलांच्या एका जुन्या मशीनवर भाऊंनी धंदा उभा केला. हंगामात कापसाच्या गाड्या स्वतः उतरवून घ्यायचे. कापसाचं उडतं पुंभड चिकटून भुवयासुद्धा पांढऱ्या व्हायच्या. राजकारणात त्यांनीच मला आणलं, मला समितीवर निवडून आणायला गावोगाव फिरले. सभापती झाल्यावर त्यांनी पहिली बोअर डोंगराकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे छोट्या वस्तीवर द्यायची ठरवली. तिथल्या बाया नाल्यात झिरे खोदून पाणी भरत. मोठ्या गावांचे सदस्य बिथरले.

"वीस घरांसाठी कायले एवढं?" मी भाऊंना विचारलं.

"वीस घरं तहानेली हायेत म्हणून. तुले पटत नसन तर आत्ताच सांग."

"पटते न, भाऊ," मी म्हणालो.

बोअर झाली, हापशी बसली, आणि पाठोपाठ अविश्वास ठराव आला. विरोधकांनी मला उपसभापतिपद कबूल केलं होतं. त्या सकाळी भाऊंच्याच घरी मी पोहे खाल्ले, वहिनींकडून दुसऱ्यांदा वाढून घेतले. सभेत हात वर करायचे होते. मी केला. ठरावाला लागत होती तेवढीच मतं पडली. माझं नसतं तर भाऊ टिकले असते. बाहेर जिन्यात गाठ पडली तेव्हा ते म्हणाले, "जेवला काय गा?" पुढे इतकी वर्षं जाणं-येणं राहिलं, पण तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही नाही... माफी मागायला रोज उद्याचा दिवस होताच.

तेरवीनंतर मी पहिल्यांदाच त्या पोडावर गेलो. हापशी चालू आहे. पाणी भरणाऱ्या एका म्हातारीला भाऊ गेल्याचं कळलं होतं. "दर मंगळवारी यायचे," ती म्हणाली. "दांडा हालवून पाह्यचे, घोटभर पाणी प्यायचे, मंग जायचे." मग तिने मला नीट निरखलं. "ह्या बोअरसाठी भाऊ भांडले, तवा तुमी त्यायच्या संगं होते ना?"

मी हो म्हणालो.

तिने हंडा बाजूला सारला, मला ओंजळ धरायला सांगितली आणि हापसू लागली. मी प्यालो.