वीस मिनिटांचा उपदेश

डिसेंबरातल्या त्या सकाळी सेमिनरीच्या चॅपेलमध्ये आम्ही एकतीस जण होतो. ख्रिस्ती पाळक व्हायला शिकणाऱ्यांना शेवटच्या वर्षी तिथे वीस मिनिटांत एक उपदेश पुरा करावा लागे. वेळ मोजायचं काम माझं, म्हणजे ऑफिसातल्या कारकुनाचं.

त्या दिवशी उपदेश करणारा विद्यार्थी उमरेडच्या विणकराचा मुलगा. रोज दारातून विचारायचा, "बाबूजी, पोरगी शाळेत रुळली का जी?" आणि उत्तर पुरतं ऐकूनच जायचा.

त्याचा उपदेश अर्ध्यावर आला असताना समोर बसलेल्या मेसच्या म्हाताऱ्या स्वयंपाकिणीला खोकल्याची उबळ आली. तो खाली उतरला, तिला पाणी पाजलं, पाठ चोळली आणि उबळ थांबल्यावरच परत बोलायला उभा राहिला. त्यात चार मिनिटं गेली. विसाव्या मिनिटाला मी घंटी वाजवली आणि कागदावर 'अपुरा' असं लिहिलं. तेवढ्यावरून सेमिनरीने त्याला ते वर्ष पुन्हा करायला सांगितलं.

संध्याकाळी तो ऑफिसात आला. "ते चार मिनिटं सोडता नाही येत का जी?"

"एकाला सवलत दिली, तर सगळ्यांना द्यावी लागेल," मी म्हणालो.

"मंग द्या ना जी सगळ्याइले," तो हसून म्हणाला.

मी दिली नाही. जूनमध्ये सेमिनरी उघडली, तेव्हा तो आला नाही.