तीन मीटर अलीकडे

"साडू, यंदा तरी पास करा मला," म्हणत सरांनी वही माझ्या हातात ठेवली, ती शेवटची भेट. सोळाव्या दिवशी सकाळी अक्कांचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, फोन आला... सर गेले. आता दीड महिना होईल. त्या सोळा दिवसांत मी वही उघडलीसुद्धा नव्हती, याचा राग अजून जात नाही.

सर माझे थोरले साडू. टेंभुर्णीला शाळेत विज्ञान शिकवायचे. निएंडरथल माणसांवर गावातल्या कोणालाही कळेल असं पुस्तक लिहायचं, हा त्यांचा ध्यास. मी जमीन मोजणारा, आकड्यांना चिकट. म्हणून प्रकरणं तपासायला माझ्याकडे यायची. अकरा वर्षं येत राहिली. रुंद छाती, आखूड हातपाय, थंडीत ऊब धरणारं शरीर, जखमी सोबत्याला सांभाळायची रीत... हे मी मान्य केलं. पण ते लोक पुरते संपले, असं सरांनी जुन्या पुस्तकावरून लिहिलं, तेव्हा मी कात्रण दाखवलं : आपल्यातल्या बहुतेकांच्या जनुकांत त्यांचा शेकडा एक-दोन अंश उरलाय. अख्खं प्रकरण परत. जुन्या जालन्यातला छापखाना दोनदा तयार झाला, दोन्ही वेळा मीच अडवलं.

पोरांना शिकवायची त्यांची रीत वेगळी होती. शाळेच्या फाटकापासून एक मीटर म्हणजे शंभर वर्षं मागं. चारशे मीटरवर, म्हणजे चाळीस हजार वर्षं मागं, जिथं ते लोक दिसेनासे होतात, तिथं रस्त्याकडेला चुना लावलेला दगड. सरांनी तो पावलं मोजून ठेवलेला. मी टेप लावला, तर तीनशे सत्त्याण्णव.

"सर, तीन मीटर कमी. तीनशे वर्षांची चूक झाली."

"मंग जगू द्या की त्यायला तीनशे वर्षं जास्त! तुमचा बांध कोरून राह्यले का ते?"

शेवटचं प्रकरण, ते का संपले. बदलतं हवामान, नव्या माणसांची दाटी, लांब लांब विखुरलेल्या लहान टोळ्या... सरांनी सगळं लिहून एकावरही बोट ठेवलं नव्हतं. मागच्या खेपेला मी समासात लाल शाईनं लिहून वही परत केली होती, 'कारण नक्की करा, मगच छापू.' ते गेल्यावर वही उघडली. लाल ओळीखाली पेन्सिलीनं उत्तर होतं : 'अजून कोणालाच नक्की माहीत नाही. एवढं नक्की.'

हे मलाही माहीत होतं. मग अडवलं कशासाठी?

परवा टेंभुर्णीला गेलो. अक्का म्हणाल्या, "आता तरी छापा, भाऊ. का अजून त्यायलाच विचारून येता?"

दगडाला सर दरवर्षी शाळा उघडायच्या आधी चुना लावायचे. यंदा मी गेलो. सवयीनं आधी टेप लावला. तीनशे सत्त्याण्णव. दगड हलवायला वाकलो, दोन्ही हात लावले... मग सरळ होऊन कुंचला बुडवला. वही उद्या छापखान्यात जाईल, माझी लाल ओळ काढून. दगड आहे तिथंच आहे.