ओमेशची काळी पेटी

देवरीकडे जाणाऱ्या हमरस्त्याला खेटून एक टोली, म्हणजे लहानशी वस्ती आहे. तिथं केशोराव सुताराचं घर विचारलं तर लोक हातानं दिशा दाखवतात आणि वर टोमणाही देतात, की ज्या घराचं फाटक मोडकं दिसेल तेच सुताराचं समजा. खोटं नाही ते. गावभरच्या बैलबंड्या, वखर, दारांच्या चौकटी याच माणसाच्या हातच्या. आणि स्वतःच्या घरात पाट डुगडुगतो, खाटेचा एक पाय विटेवर टेकलेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पण त्या घरातल्या एका वस्तूला केशोरावानं हात लावला नव्हता तो आळसानं नव्हे. मधल्या खोलीत भिंतीशी ओमेशची पेटी होती. फौजेत असते तशी, लाकडी, काळ्या रंगाची, झाकणावर पांढऱ्या अक्षरांत नाव आणि नंबर. ओमेश त्यांचा एकुलता एक मुलगा. सुट्टीवर घरी आला आणि बाजारातून परतताना याच हमरस्त्यावर ट्रकखाली गेला. सीमेवर गेला असता तर चौकाला नाव लागलं असतं, शाळेची पोरं फुलं घेऊन रांगेत उभी राहिली असती. रस्त्यावर मेलेल्या फौज्याचं कोण काय करतो? चार दिवस लोक आले, हळहळले आणि धानाच्या रोवण्याचे दिवस होते म्हणून आपापल्या बांधीत, शेतात गेले. नंतर पलटणीतले दोन जवान आमगावला रेल्वेतून उतरले आणि ही पेटी पोचती करून गेले. चहासुद्धा उभ्या उभ्याच प्यायले बिचारे.

इकडे मेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत. दहाव्याला नदीवर सोडतात, नाहीतर गरजवंताला देऊन टाकतात. ओमेशच्या आईनं, सुशिलाबाईनं, यातलं काही होऊ दिलं नाही. शेजारच्या धनवंताबाईनं किती वेळा समजावलं, की बाई, अशानं जीव अडकून राहतो. सुशिलाबाईनं मान डोलावून ऐकलं आणि पेटीला कुलूप घातलं. दरवर्षी दसरा उलटून ऊन कोरडं झालं की ती पेटी उघडायची. वर्दी, टोपी, तिनं स्वतः विणलेला हिरवा स्वेटर, निळ्या चौकडीची लुंगी, सगळं दोरीवर घालायची आणि सांज व्हायच्या आत घड्या करून परत ठेवायची. वर्षातला तो एक दिवस तिचा होता. त्या दिवशी ती पोटभर जेवायचीसुद्धा. केशोराव मात्र नेमकं त्याच दिवशी परगावचं काम काढायचा. त्याला ते बघवत नसे, एवढंच.

यंदा होळीच्या सुमाराला घर सारवताना सुशिलाबाईला पेटीच्या बुडाशी मातीची बारीक रेघ दिसली. तिनं पेटी ओढली तर तळाचा भुगा जमिनीवरच राहिला. उधई, म्हणजे वाळवी लागली होती. ती शेणाच्या हातांनीच अंगणात आली, जिथं केशोराव कुऱ्हाडीचा दांडा तासत होता.

"आता तरी हात लावा जी तिले," ती म्हणाली. "उधई माह्यं लेकरू खाऊन राहिली."

सोनारानंच कान टोचावे म्हणतात. पण कान आपल्याच लेकराचा असला तर सोनाराचाही हात कापतो. केशोरावानं पेटी अंगणात आणली आणि पहिला दिवस नुसता तिच्याभोवती फिरण्यात घालवला. कपडे सुशिलाबाईनं आधीच गाठोड्यात बांधून घेतले होते. दुसऱ्या दिवशी त्यानं झाकणावर जुनी गोधडी बांधली, अक्षरांना ओरखडा जाऊ नये म्हणून, आणि पेटी उलटी केली.

लाकूड पहाडी मुलखातलं होतं. हलकं, मऊ, आपल्या सागवानापुढे पोरकट. उधईला तर मेवाच. तळ सगळा गेला होता, बाजूच्या फळ्या वरून धड होत्या पण खालच्या कडेला पोखरलेल्या. केशोरावानं माळ्यावरून सागवानाची एक फळी काढली. ती त्यानं ओमेशच्या लग्नाच्या पलंगासाठी राखून ठेवली होती. हे त्यानं बायकोला सांगितलं नाही, पण फळी ओळखायला तिला सांगायची गरज नव्हती. ती बघत राहिली आणि मग आत जाऊन चहा ठेवला.

तळ बसला. पोखरलेल्या कडा कापून त्यानं नव्या पट्ट्या अशा सांधल्या, की बोट फिरवलं तरी जोड लागू नये. गंजलेल्या बिजागऱ्या रॉकेलमध्ये भिजवून मोकळ्या केल्या, कोपऱ्याचे पत्रे ठोकून सरळ केले, कोयंड्याचा जुना बाक काढला. कित्येक वर्षांनी ही दोघं एकाच कामाशी बसली. ती फळीचं एक टोक धरायची, तो रंधा मारायचा, आणि मधेच ती म्हणायची की ओमेशला भुग्याची शिंक यायची. केशोराव हो म्हणायचा. ओमेशचं नाव त्या घरात असं साधेपणानं निघालं, हे मोठंच काम झालं होतं. तिथंच थांबला असता तर बरं झालं असतं.

पण मनासारखं काम झालं की कारागिराला आणखी काहीतरी करावंसं वाटतं. या भागात जे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकावं असं वाटतं त्याला बिब्याचं तेल पाजतात. बंडीला, नांगराला, चौकटीच्या बुडाला. बिबा प्यालेल्या लाकडाला उधई तोंड लावत नाही. केशोरावाच्या बापानं तेच केलं, त्याच्या आज्यानंही तेच. त्यानं बाजारात जंगलाकडून आलेल्या बाईकडून बिबे घेतले, मडक्यात तापवून तेल गाळलं, बिबा उतून अंगावर फोड येऊ नयेत म्हणून हातांना तिळाचं तेल चोपडून घेतलं आणि काडीला चिंधी बांधून पेटीला ते आतून पाजलं. एकदा नाही, दोनदा. लेकराच्या पेटीत कसर कशाला ठेवायची? वैशाखातल्या उन्हात ती इतकी वाळली, की त्यानं आतून तळवा फिरवला तर हाताला काही लागलं नाही. सुशिलाबाईनं तळाशी जुनं लुगडं अंथरलं, कपडे ठेवले, कुलूप लावलं. त्या रात्री दोघंही गाढ झोपली.

आता बिब्याचा डाग कधीच जात नाही हे इथं शेंबडं पोरही सांगेल. धोबी याच डागानं कपडे ओळखायचे. केशोरावाला काय ते ठाऊक नव्हतं? पण त्याच्या सबंध आयुष्यात त्यानं बिबा लावला तो चिखलात उभ्या राहणाऱ्या लाकडाला. ज्यात कपडे निजवायचे अशा लाकडाला कधी लावलाच नव्हता. ही चूक हातानं केली नाही, सवयीनं केली. आणि सवयीला डोळे नसतात.

श्रावण-भादव्यात दमट उकाडा झाला, मऊ लाकूड घामेजलं आणि प्यालेलं तेल हळूहळू बाहेर टाकू लागलं. बंद झाकणाआड कोणाला कळणार? दसरा झाला. या खेपेला केशोराव परगावी गेला नाही. मोठ्या हौसेनं अंगणात दोरी त्यानंच बांधली.

सुशिलाबाईनं झाकण उघडलं. अंथरलेलं लुगडं आरपार काळं झालं होतं. वर्दीची पाठ, टोपी, लुंगी, सगळ्यावर डांबरासारखे डाग. हिरव्या स्वेटरची तर वीणसुद्धा चिकटून गेली होती. ती ओरडली नाही. तिनं स्वेटर उचलला आणि दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरला.

"सोड, ओमेशचे माय," केशोराव धावला. "बिबा आहे तो, उतन तुले."

तिनं सोडला नाही. ओढून घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी तिचं तोंड सुजून डोळे मिटले, गालांवर फोड आले. केशोराव तीळ आणि खोबरं वाटून लेप लावत बसला. धनवंताबाई येऊन बघून गेली आणि पदर तोंडाला लावून निघाली. सुशिलाबाई केशोरावाला एक शब्द बोलली नाही. मारलं असतं तरी चाललं असतं, पण हे गप्प राहणं त्याला सोसत नव्हतं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून लोक हसतात. इथं हसायला कोणी नव्हतं.

फोड बसले, कातडी निघाली, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"लोकाईनं सांगतलं तेच बरोबर होतं. जाळून टाका."

केशोरावानं मान हलवली. "बिब्याचा धूर लागते. अख्खी टोली उतन."

"मंग नदीवर सोडा."

"पोरं पोहतेत तिथं."

"पुरता तरी येते का जी?"

पुरता येत होतं. पण सागवानाचा तळ आणि बिबा प्यालेल्या फळ्या, त्यांना माती खाणार नाही, उधई शिवणार नाही. आपल्या लेकराच्या वस्तू कधीच मातीला मिळू नयेत, याची पक्की सोय बापानं आपल्या हातानं केली होती. त्यानं तसं सांगितलं. आणि ओमेश गेल्यापासून पहिल्यांदाच तो बायकोसमोर रडला. ती मात्र रडली नाही. तिचं सगळं त्या स्वेटरबरोबर संपलं होतं.

"मंग खिळे मारा तिले," ती म्हणाली. "मले उघडून पाहाचं नाही आता."

केशोरावानं डागाळलेले कपडे पेटीत परत ठेवले आणि बोटाएवढाले खिळे आणले. झाकणाच्या कडेला आधी सामत्यानं भोकं पाडली, फळी चिरू नये म्हणून. दुसरं कसं करायचं हे त्या हातांना माहीतच नव्हतं. मोकळ्या केलेल्या बिजागऱ्या, सरळ केलेला कोयंडा, सगळं आता कायमचं बंद व्हायचं होतं. सुशिलाबाईनं झाकण हलू नये म्हणून दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं. तीन खिळे बसले तेव्हा तिनं विचारलं, की आपण दोघंही गेल्यावर ही पेटी कोण सांभाळणार जी.

केशोरावाच्या तोंडात उरलेले खिळे होते. त्यानं त्यातला एक काढला आणि भोकावर ठेवून ठोकला.