शरीफ काटा

जीपशिवाय आमच्या घरात दुसरी कमाई नव्हती. जास्त प्रवासी ओढावेत म्हणून वडिलांनी तिला मोठा कार्बोरेटर बसवला, आणि ती घनसावंगीहून निघून जालना यायच्या आत काळा धूर ओकत बंद पडू लागली. धक्का मारून कंटाळलेले प्रवासी दुसऱ्या जीपमध्ये बसू लागले.

"बीएस्सी, सेन्सर बसवू," गॅरेजवाले चाचा म्हणाले. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून ते मला हीच हाक मारत. सायलेन्सरमध्ये बसणारा वाइडबँड सेन्सर, इंजिनात हवेच्या मानानं पेट्रोल किती जातं ते काट्यावर दाखवतो. चाचांनी परवडणारे दोन मागवले, लावून बघून बरा तो ठेवायला.

चाचांचे वडील मोंढ्यात धान्य तोलणारे मापाडी होते. त्यामुळे हलणाऱ्या काट्यात चाचांना बेइमानीच दिसे. पहिल्या सेन्सरचा काटा मधोमध उभा राहिला.

"बघ, कसा शरीफ है! बिलकुल हालून न्हाई राह्यला."

"चाचा, इंजिन बंद करा."

त्यांनी केलं. काटा तिथंच.

"मंग? शरीफच है ना!"

"पेट्रोल जाईना, धूर येईना, तरी तेच सांगतोय."

चाचांनी दाढी खाजवत तो सेन्सर काढला. मग दुसरा लावला. ॲक्सिलरेटर दाबला की त्याचा काटा पळायचा, सोडला की परतायचा.

"नाचरा है," चाचांनी नाक मुरडलं, पण कार्बोरेटर त्याच्याच सांगण्यावरून जुळवला. शरीफ काटा भिंतीवर टांगला. कुणी मागितला तर म्हणत, "तो विकायचा न्हाई. त्यानं मला फसवलं, तुला सोडंल का?"

दुसऱ्या दिवशी जीप धक्क्याशिवाय जालन्याला पोचली.