दाजींच्या वाट्याला आलेली तरवार

जगातल्या प्रत्येक पात्याला अंगरखा हवा, आणि तो चामड्याचाच हवा, असं मानणारा एकच माणूस परमेश्वराने घडवला आणि तो नेमका आमच्या अक्काच्या पदरात टाकला. आमचे हे दाजी शुक्रवार पेठेत राहत आणि मी त्यांच्या मागच्या बोळात. गिरणीच्या हपिसात दिवसभर पत्रं खरडून मी संध्याकाळी घराकडे वळलो की बोळाच्या तोंडाशी दाजी उभे असत, आणि त्यांच्या हातात कुणाची तरी सुरी असे. पाहणाऱ्याला वाटावं, मेव्हण्याच्या जिवावर उठलेत. मला मात्र ठाऊक असे की आता अर्धा तास त्या सुरीचं म्यान न्याहाळावं लागणार, हुंगावं लागणार आणि "टाका कसा बसलाय, मेव्हणं?" या प्रश्नाला रोज नवीन उत्तर शोधावं लागणार. मी थकलेला असे. दाजी थकलेले मी कधी पाहिले नाहीत, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त शीण येई.

त्यांचं घराणं खोगिरं आणि म्यानं करणाऱ्यांचं. पणजोबांनी म्हणे मोठमोठ्या सरदारांच्या तरवारींना म्यानं शिवली होती. पुढे साहेबाने तरवारी काढून घेतल्या, मोटारींनी घोडे घालवले आणि दाजींच्या वाट्याला उरले भाजीचे चाकू. त्यांचे दोघे भाऊ शहाणे, ते वह्यापुस्तकांच्या बांधणीकडे वळले. दाजी हटले नाहीत. मरायच्या आधी एका तरी तरवारीचं म्यान आपल्या हातून व्हावं, एवढी एकच इच्छा त्यांनी उराशी धरली होती, आणि तोवर हात गंजू नये म्हणून त्यांनी उभ्या पेठेच्या स्वयंपाकघरांवर धाड घातली. अडकित्ता, फुलवाल्याची कात्री, न्हाव्याचा वस्तरा, काही म्हणून सुटलं नाही. आमच्या विळीलाही त्यांनी एक टोपडं शिवलं. माझी बायको ते काढून भाजी चिरी, बाहेर दाजींचा खोकला ऐकू आला की घाईघाईने परत चढवी, आणि या गडबडीत तिचं बोट जितक्यांदा कापलं तितक्यांदा उघड्या विळीने जन्मात कापलं नव्हतं.

बरं, म्यान करून घेणं म्हणजे घरातला चाकू आठ दिवस ओलीस ठेवणं. तरवडाच्या सालीत कमावलेलं चामडं दाजी भिजवत, पात्याला तेल चोपडून ते त्याच्याभोवती लपेटत, आणि मग बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसे त्याच्या राखणीला बसत. चामडं त्या पात्यावरच वाळलं पाहिजे, नाहीतर ते त्याचं होत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. शेजारची निंगव्वा दारात येऊन ओरडे, "दाजी, चाकू द्या की वो! चार दिस झालं, कांदा बुक्कीनं फोडायलोय आमी!"

"अजून वलं हाय," आतून उत्तर येई. "आज काडलं तर जलमभर सैल बसंल. मग तू मला शिव्या देशील."

"आत्ता काय वव्या गायलेय व्हय?"

चाकू घरी पोचला म्हणजे सुटका झाली असंही नव्हे. दिवसा पातं म्यानात आणि रात्री म्यानाबाहेर, असा दाजींचा दंडक. चामडं ओल धरतं, पोलाद गंजतं, म्हणून रात्री दोघांना एकत्र निजू द्यायचं नाही. महिन्यातून एकदा ते एरंडेल आणि मेण कालवलेली वाटी घेऊन घरोघर फिरत, आपलं प्रत्येक म्यान मागून घेत, वासावरून कुणी हयगय केली ते ओळखत आणि चारचौघांत खडसावत. अक्का कपाळाला हात लावून म्हणे, "आमी जेवलो का न्हाय ते इचारत न्हाईत. चाकू झोपला का, ते इचारत फिरत्यात."

असेच एकदा भवानी पेठेतल्या एका लग्नात ते पंगत सोडून आचाऱ्यासमोर उभे राहिले आणि त्याच्या उघड्या सुरीवरून त्याला फैलावर घेऊ लागले. मी लाजेने पानातला भात चिवडत होतो. तेवढ्यात करमाळ्याकडचे एक वयस्कर पाटील हात धुता धुता थांबले. म्हणाले, "आमच्या देवघरात एक जुनी तरवार हाय. परवान्याची हाय. म्यान पार इटलंय. कराल का?"

दाजी त्या लग्नात जेवले नाहीत. मला हाताला धरून थेट घरापर्यंत आणलं.

दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी पाटील तरवार ठेवून गेले. दसऱ्याला तिची पूजा, तेव्हा आदल्या दिवशी न्यायला येतो म्हणाले. तरवार गंजून म्यानातच चिकटून बसली होती. "वरनं कापून काडा की, जुनंच तर हाय," असं पाटील जाता जाता सांगून गेले. पाटील दिसेनासे झाले आणि दाजींनी ते म्यान उजेडात धरलं. लाकडाच्या दोन फळ्या, त्यावर काळं पडलेलं चामडं आणि पाठीवरून टोकापर्यंत गेलेली बारीक शिवण. ती बघता बघता त्यांचा चेहरा पडला.

रापी घेऊन कापायला अर्धी घटका पुरली असती. दाजींनी दाभणासारखी आरी घेतली आणि पहिला टाका उसवायला बसले. आधी तेलाचं बोट फिरवायचं, चामडं मऊ होईतो थांबायचं, मग दोरा अलगद उचलायचा. दिवसाला वीतभरही उसवून होईना. मी रोज हपिसातून येऊन म्यानाचं दुसरं टोक धरून बसे. माझी पाठ मोडून यायची. दहाव्या दिवशी मी चिडलोच. "दाजी, कापा आणि मोकळे व्हा. नवीन कधी करणार? जन्मभर हिचीच वाट पाहिलीत ना?"

"ज्यानं ह्ये शिवलं," दाजी मान वर न करता म्हणाले, "त्यानं येक टाका चुकीवला न्हाय, मेव्हणं. मी कसा कापू?"

पाटील यायच्या दिवशी सकाळी तरवार बाहेर आली. नव्या म्यानाचं चामडं अजून भिजतसुद्धा घातलं नव्हतं. पाटील दारात आले तेव्हा दाजींनी तरवारीआधी जुनं म्यान त्यांच्यापुढे केलं. "बगा पाटील, येक भोक फाटलं न्हाय."

पाटील भला माणूस. त्यांनी शिवी दिली नाही, आवाजही चढवला नाही. फक्त म्हणाले, "पाव्हणं, पंधरा दिस तुमी केलं तरी काय?" आणि तरवार उपरण्यात गुंडाळून निघून गेले. दाजी उंबऱ्याशी उभे होते. अक्काने त्यांना आत बोलावलं नाही, तीच बाहेर येऊन शेजारी उभी राहिली. इतक्या वर्षांत मला त्या माणसाची इतकी दया कधी आली नव्हती.

नंतर आठ दिवस बसून त्यांनी जुनं म्यान त्याच भोकांतून परत शिवलं आणि मोटारवाल्याबरोबर करमाळ्याला धाडलं. ते तसंच परत आलं. बाजारातून लाल मखमलीचं तयार म्यान आणलंय, हे आता तुम्हालाच ठेवा, असा निरोप होता. दाजी रागावले नाहीत. म्हणाले, "मखमल चामड्याहून जास्त ओल धरती. मेव्हणं, येक कार्ड लिवा."

मी लिहिलं. मृग लागायच्या आत तरवार बाहेर काढावी, कोरडी पुसावी, तेल लावावं, रात्री म्यानात ठेवू नये. उत्तर आलं नाही. पुढच्या साली मृगाआधी दाजींनी तेच कार्ड पुन्हा लिहायला लावलं, आणि मग दर साली. दर साली मी कुरकुरलो.

दाजी गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पाटील आहेत की नाहीत, तरवार देवघरात आहे की मोडीत गेली, मला काही ठाऊक नाही. मी म्हातारा झालो, लिहिताना हात कापतो, टपालपेटीपर्यंत चालायचा कंटाळा येतो, आणि दाजींची आठवण फार येते. मृग जवळ आला की मी करमाळ्याला कार्ड टाकतो. मजकूर तोच असतो आणि खाली नाव दाजींचं.