दुष्काळातली सासूची आंघोळ

सासूनं दात आवळून धरले होते. मी चमच्यानं पाणी घालत होते आणि ते ओठांच्या कडेनं गळ्यावर उतरत होतं. जीभ वाळून चामड्यासारखी झाली होती. नवरा तिच्यावर वाकून म्हणत होता, "आई, पी की. घोटभर पी माय." तिनं डोळे उघडून त्याच्याकडं पाहिलं आणि तोंडात गेलेलं थोडं पाणी त्याच्या अंगावर थुंकलं. ते पाणी मी टँकरच्या रांगेत उभं राहून आणलं होतं. मला तिची दया आली नाही, रागच आला. पण ती मरायला लागली होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

आमचं गाव अहमदपूरच्या बाजूचं. लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि पाऊस पळाला होता. गावातला आड तळापर्यंत कोरडा पडलेला. सासू त्याच्या आधीपासूनच विसरायला लागली होती. चुलीवरचं दूध विसरली, मग गल्ली विसरली, मग पोटच्या पोराचं नाव. मला ती "तू कोणाची गं?" म्हणून विचारायची. जेवण झालं की हात धुऊन ओट्यावर बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "सून जेवायला देत न्हाई." लोक मला तोंडावर बोलायचे. शेजारीण तर म्हणाली, "म्हातारीला उपाशी ठिवून दुष्काळ निघत न्हाई बाई." मी तिला म्हटलं, "मग तू ने तुझ्या घरी." नेली नाही.

आम्ही लिंगायत. आंघोळ करायची, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, मग तोंडात घास. सासूनं हे कधी चुकवलं नव्हतं. आता ती जेवायची आणि दुपारी तिला वाटायचं, सकाळ झाली. उठून न्हाणीत जायची आणि भरलेली घागर डोक्यावर ओतून घ्यायची.

"आत्या, आंघोळ झाली तुमची."

"मला शिकवू नको. पारोशी जेवू का मी?"

संध्याकाळी पुन्हा तेच. घागर लपवली तर रांजणात हात घालायची. एकदा गुरांचं पाणी गेलं. त्या दिवशी नवऱ्यानं तिच्या गळ्यातलं लिंग काढून देवळीत ठेवलं. त्याचा हिशेब सरळ होता. लिंग नसलं तर पूजा कशाची, आणि पूजा नसली तर आंघोळ कशाची? "पोराचं नाव विसरली, हे काय ध्यानात राहतंय तिच्या?" असं म्हणाला. आंघोळ खरंच थांबली. घागर भरलेली राहायला लागली. त्याबरोबर तिचं जेवणही थांबलं, मग पाणी थांबलं. म्हातारपण आहे, दिवस भरले असतील, असं आम्ही धरून चाललो.

ती पाणी थुंकल्यावर नवरा म्हणाला, "लातूरला नेऊ. आता जिल्हा झालाय, मोठा डॉक्टर असंल." मी म्हटलं, "वाटंतच मरंल. आधी इथं दाखवा." बैलगाडीत घालून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं सलाईन लावलं आणि आम्हाला बाकावर बसवून विचारलं, "जेवण कधी सोडलं? त्या वेळी घरात काय वेगळं झालं होतं?"

"काहीच न्हाई," नवरा म्हणाला.

"गळ्यातलं लिंग काढलं," मी म्हणाले.

डॉक्टर आमच्यातला नव्हता, त्याला कळलं नाही. त्यानं नवऱ्याकडं पाहिलं. नवरा सांगायला लागला, "आमच्यात लिंग अंगावर नसलं की अन्न..." आणि मध्येच थांबला. आमच्यात लिंगाशिवाय अन्न घेत नाहीत, पाणीही नाही. हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. म्हातारीलाही ठाऊक होतं. बाकीचं सगळं तिच्या डोक्यातून गेलं होतं, तेवढं एक राहिलं होतं.

तो कुणाची तरी सायकल घेऊन घरी गेला आणि लिंग घेऊन आला. तिच्या गळ्यात बांधलं. तिनं ते मुठीत धरलं आणि पहिला शब्द काय बोलली, तर, "आंघोळ." नवऱ्यानं कपाळावर हात मारला. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी फडकं ओलं करून तिचं तोंड, हात, पाय पुसले. म्हणाल्या, "झाली आजी आंघोळ." सासूनं मानलं. पडल्यापडल्या पूजा केली आणि पूजेचं पाणी तीर्थ म्हणून पिऊन टाकलं. मग मी आंबील भरवली.

डॉक्टर म्हणाला, "हा आजार बरा होणार नाही. वाढत जाईल."

"मग एक सुई तरी द्या," नवरा म्हणाला.

"कशाची देऊ? लातूरला न्यायचं तर न्या, पण तिथंही हेच सांगतील. अन् नवी जागा बघून आजी आणखी घाबरतील." मग माझ्याकडं वळला. "तुम्ही कधी झोपता?"

"त्या झोपल्या की."

"त्या कधी झोपतात?"

"न्हाई झोपत."

तो नवऱ्याला म्हणाला, "दुपारी तुम्ही आईजवळ बसायचं. ह्या आडव्या होतील." नवऱ्याला ते आवडलं नाही. पण बसायला लागला.

नर्सबाई गावात आल्या की आमच्याकडं यायच्या. त्या बायकांना कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला तयार करायला फिरायच्या, म्हणून गल्लीत हसू व्हायचं. "म्हातारीचं ऑपरेशन करायल्यात का बाई?" त्या म्हणायच्या, "होय, आधी तुमचं करते." सासूशी वाद घालू नका, हे त्यांनीच सांगितलं. आंघोळ म्हटली की ओलं फडकं आणि पूजेला वाटीभर पाणी. ती वाटीही ती पिऊन टाकायची. एक थेंब वाया जात नव्हता.

यानं सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. ती मला चावली. अंगणात घाण केली आणि ती मी काढली. माहेरी मुदखेडला जायचं म्हणून रस्त्यानं चालत सुटायची, तिथं तिचं कुणी उरलं नव्हतं तरी. कधी कधी मला वाटायचं, त्या दिवशी गेली असती तर सुटली असती, मीही सुटले असते. हे मी नर्सबाईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "सगळ्यांना वाटतं. फडकं ओलं करा."

पुढं पाऊस आला, आड भरला. सासू त्यानंतर बरीच वर्षं जगली. नवरा तिच्या आधी गेला, आपला पोरगा गेला हे तिला कळलं नाही. मग ती गेली. मी अजून आहे.