आद्य आणि थोर बातमीदार

आप्पा शिवलकर रत्नागिरीच्या साप्ताहिकात सायकल-शर्यतींच्या बातम्या लिहायचे, आणि त्यांना सायकल चालवता येत नव्हती. एकदाच बसले होते, ते थेट काजूच्या झुडपात गेले. पुढे सायकल त्यांनी पाहिली ती छत्री टेकून, उभ्यानं.

पण पहिला मान त्यांचाच. १९२४ साली गावात मोजून अकरा सायकली होत्या. मांडवीच्या रस्त्यावर सावकाश सायकलची शर्यत भरायची. पाय न टेकता सर्वांत शेवटी पोचेल तो जिंकला. आप्पा लिहायचे, "प्रेक्षकांची अलोट गर्दी होती. बक्षीस-समारंभ रावसाहेबांच्या हस्ते पार पडला." लोक वाचून माना डोलवायचे. पुढे पेटता कंदील लावून पळायच्या शर्यती आल्या, मग हातखंब्यापर्यंत जाऊन परतायच्या लांबच्या आल्या. शर्यती बदलल्या, आप्पांची गर्दी अलोटच राहिली आणि रावसाहेबही तेच.

१९३१ साली दादू मयेकर मुंबईच्या गिरणीतलं काम सोडून परत आला आणि त्याच साप्ताहिकात लिहू लागला. हा पठ्ठ्या शर्यतीबरोबर स्वतः सायकल हाणायचा. चढावर कोणाचा दम कुठे तुटला, उतारावर पाय न हलवता पळणारं नवं चाक कोणी बसवलं, सगळं लिहायचा. लोक अंकाची वाट बघू लागले आणि आप्पांच्या पोटात दुखू लागलं ते कायमचं. दादूची बातमी ते तीनतीनदा वाचायचे, चूक सापडेल म्हणून. सापडली नाही की त्या दिवशी जेवण जायचं नाही.

"बैलाबरोबर धावून कोण बैलाची बातमी लिहितं?" त्यांनी एकदा बायकोला, येसूबाईला विचारलं.

"पण त्याचं वाचताना माजासुदा श्वास चढतो," ती म्हणाली. आप्पांनी अंक तिच्या हातातून ओढून घेतला.

१९३८ साली संपादकांच्या मनात आलं, इतक्या वर्षांत शर्यती कशा बदलल्या आणि आपल्या अंकानं त्या कशा टिपल्या, यावर मोठा लेख छापावा. काम त्यांनी दादूला सांगितलं. दादू म्हणाला, "आप्पांना द्या. सुरवात बघितलेले तेच एकटे हायत."

उपकारानं आलेलं काम आप्पांना मिरचीसारखं झोंबलं. पण सोडतो कोण? गावात सायकलची बातमीदारी कोणी उभी केली, हे एकदा छापून आलं की कायमचं झालं. जुने अंक पसरून ते आठ दिवस बसले. चांगली चांगली वर्णनं दादूच्या बातम्यांतून उचलली, दादूचं नाव मात्र एकदाही घातलं नाही. उलट "आद्य आणि थोर बातमीदार आप्पा शिवलकर" असं तीन वेळा लिहिलं. लिहिताना जराशी लाज वाटली, पण साप्ताहिकाची रीत सोयीची होती. लेखाखाली कोणाचंच नाव छापत नसत. कोणी लिहिलं ते लोक आपापल्या अकलेनं ओळखत. संपादक हिवतापानं पडलेले, त्यांनी न वाचताच लेख छापायला सोडला.

अंक निघाला त्या दिवशी आप्पा मुद्दाम लवूच्या सायकलदुकानावरून गेले. चारपाच जण अंक उघडून बसले होते. लवूनं उठून त्यांना स्टूल दिलं.

"आप्पा, दादूनं तुमचं काय नाव काढलान हो," तो म्हणाला.

"दादूनं?"

"मग दुसरा कोण? चढावरचा दम त्याच्याबिगर कोण लिवणार? आणि सबंध लेखात त्याचं नाव नाय, तितंच वळखलं. लिवणारा स्वतःचं नाव कसा घालील? तुमचं मात्र तीनदा घातलान. येवढ्या मोठ्या मनाचा माणूस गावात दुसरा नाय."

आप्पांनी तोंड उघडलं. लेख माझा म्हणावं, तर स्वतःला थोर म्हणवून घेणारा म्हातारा म्हणून दिवेलागणीच्या आत गावभर झालं असतं. न म्हणावं, तर आठ दिवसांची मेहनत दादूच्या पदरात. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आता हे दोन शब्द बोलतील म्हणून.

"हो," आप्पा म्हणाले, "मनानं मोठाच आहे दादू."